आत सोडलेलं कापड

चामराजपेटेतल्या माझ्या शिवणाच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. शाळेचे कपडे माझ्याकडेच शिवत आलेली एक मुलगी दुसरीत असल्यापासून त्यांतल्या एकीवरच पाय ठेवते. बाकीच्या दोन कशाला बांधल्या, हे तिला अजून कळलेलं नाही. यंदा इंजिनियर झाली, आता पहिल्या नोकरीसाठी जर्मनीला चालली आहे. तिकडच्या थंडीसाठी तिनं कोट शिवायला टाकला. मी टेप लावून आकडा सांगितला की ती तोच जर्मनमध्ये म्हणायची आणि चुकली की पुन्हा माप घ्यायला लावायची. एका बाहीचं माप मी चार वेळा घेतलं.

परवा ट्रायलला आली तेव्हा तिनं कोट उलटा करून पाहिला.

"अण्णा, शिवणीत एवढं कापड का सोडलंय?"

"अंग भरलं तर उसवून सैल करता येतं."

"म्हणजे मी तिथं जाड होणार?" ती खो खो हसली. "कापून टाका. मी आहे तशीच परत येणार."

मी मान हलवली, पण कात्री लावली नाही.

काल ती पुन्हा आली. बॅग भरताना सापडलेला शाळेचा निळा स्कर्ट तिनं टेबलावर पसरला. त्याच्या काठाशी तीन फिक्या रेघा होत्या. दर जूनमध्ये मीच एकेक घडी उसवून तो लांब केला होता. रेघांवर बोट ठेवत तिनं जर्मनमध्ये तीनपर्यंत मोजलं. या वेळी चुकली नाही.

"कोटाचं कापड कापलंत का अण्णा?"

"नाही."

"सरी," बरं झालं अशा सुरात ती कानडीत म्हणाली. "स्वल्प अजून सोडता येतं का बघा."