चौथ्या मैलाचा चौकीदार

राळेगावच्या बाजूला नवी सडक होत होती तेव्हा नेमसिंग ठेकेदाराकडं बैलगाडीनं खडी वाहत असे. बापजाद्यांनी बैलांवर मीठ-धान्य वाहिलं, हा दगड वाहतो, एवढाच फरक. काम गाडीच्या खेपेवर. बैल दुखला तर घरी बसा, तांड्यात लग्न निघालं तर आठ दिवस जाऊ नका, विचारणारं कोणी नाही. पण पावसाळ्यात विचारणारं कोणी नसायचं तेही खरंच. आणि ठेकेदार त्याला तीन वर्षं "ए गाडीवाले" म्हणूनच हाक मारी.

एकसष्ट साली सडकेच्या साहेबांनी चौकीदाराची जागा काढली. दोन वर्षं नीट काढली की माणूस कायम. सडकेचं काम मोजणारे ओव्हरसियर नेमसिंगला ओळखत होते, त्यांनीच विचारलं.

त्याच्या बायकोचा, मोतीबाईचा, भाऊ देवीलालही त्याच ठेक्यावर गाडी हाकायचा. तो म्हणाला, "भाऊजी, कायले अडकता? आज बैल तुमचं आयकतात. उद्या तुमाले कोणाचं तरी आयकाव लागन."

"बैल कायी म्हातारपणी पेन्शन देत नाहीत," मोतीबाई म्हणाली. "पोरीचं जमवाले गेलं की पयलं हेच इचारतात, बाप काय करते. गाडी हाकते म्हणून सांगू का?"

नेमसिंगनं चार दिवस विचार केला. शेवटी गाडी-बैल देवीलालला दिले आणि खाकी सदरा अंगात घातला. पहिल्याच दिवशी ओव्हरसियरनी त्याचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं, तेव्हा त्याला बरं वाटलं.

काम सोपं होतं. चौथ्या मैलात सडकेच्या कडेला खडीचे चट्टे, म्हणजे चौकोनी ढीग, लावलेले, मोजून चुन्याच्या खुणा केलेले. ते राखायचे. ओव्हरसियर म्हणाले, "गाडीवाले लबाडी करतात, आत मुरूम भरून वर खडी पसरतात. तू त्यांच्यातलाच. ध्यान दे."

नेमसिंगनं ध्यान दिलं. पंधरा दिवसांत पोलादी सब्बल खुपसून त्यानं एक पोकळ चट्टा शोधून काढला. वर वीतभर खडी, आत नुसता मुरूम. मुरमात हात घालून पाहिला. मग सायकल काढून ओव्हरसियरच्या घरी गेला.

"साहेब, एक चट्टा खोटा हाये."

"शाब्बास. कोणाचा?"

"माह्याच. मागच्या साली घाई होती, बैल लंगडत होता. मीच भरलता."

ओव्हरसियरनी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तो मोजला कोणी?"

"तुमीच, साहेब."

"मग तो खोटा कसा असेल?"

ओव्हरसियरनी त्याला चहा पाजला आणि समजावलं, की त्या चट्ट्याला कोणी हात लावायचा नाही, आणि ही जबाबदारी आजपासून त्याची.

पुढची दोन वर्षं बाकीचे चट्टे उचलले गेले, सडक तयार झाली, पावसानं उखडलीही. तो एक चट्टा तसाच राहिला आणि नेमसिंग त्याच्यासमोर बाभळीखाली बसून राहिला. देवीलाल मुकुटबनकडच्या कामावर गेला होता. येता-जाता गाडी थांबवून विचारायचा, "काय करून राह्यले, भाऊजी?"

"नोकरी," नेमसिंग म्हणायचा. त्यानं दुसरं काही विचारू नये म्हणून लगेच बिडी पुढं करायचा.

त्रेसष्ट साली हुकूम आला. चौकीदार नेमसिंग कायम. त्याच्या ताब्यातल्या चट्ट्याची खडी तसूभरही कमी झाली नाही, असा शेरा ओव्हरसियरनी बदलीवर जाता जाता मारला होता. तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, सगळ्यांना गूळ वाटला. पोरीला दारव्ह्याकडचं स्थळ आलं. मोतीबाई आठ दिवस हवेत होती.

नेमसिंग मात्र त्या आठ दिवसांत एकच गोष्ट घोळवत होता. कायम माणसाला सहजी काढता येत नाही, हे नायकानं त्याला दोनदा सांगितलं होतं. नवव्या दिवशी सकाळी त्यानं घरातून फावडं आणि घमेलं नेलं. चट्टा फोडला. मुरूम आणि खडी वाहून चौथ्या मैलातले खड्डे भरले, पाणी मारलं, धुम्मसानं ठोकून सारखे केले. चार दिवस लागले. कंबर धरली, पण जेवण गोड लागलं. एसटीचा ड्रायव्हर जाताना हात वर करून गेला.

महिन्याभरानं नवे ओव्हरसियर तपासणीला आले. कागदावर चट्टा होता, सडकेवर नव्हता.

"चट्टा कुठं गेला?"

"सडकेत गेला, साहेब."

त्यांनी सडक पाहिली. चांगली होती. तरी आठवड्यात टपाल आलं. तांड्यातल्या शाळेच्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं: नेमून दिलेल्या कामाखेरीज इतर काम केल्याबद्दल खुलासा सादर करावा.

"म्हणजे काय केलं तुमी?" मोतीबाई घाबरली.

"काम," नेमसिंग म्हणाला.

मास्तरांनी खुलासा लिहिला आणि त्यानं खाली अंगठा उठवला. चूक कबूल आहे, यापुढे काम करणार नाही. साहेबांनी तो मंजूर केला.