फळशील की नाही

फुसाए लग्न होऊन जपानातल्या शिनशूच्या डोंगरात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. घरात नवरा तोकुजी आणि सासू तोमे, एवढीच माणसं. सासरे युद्धाच्या आधीच गेलेले. परसात तुरट पर्सिमनचं एक जुनं झाड होतं. त्याची फळं सोलून, दोरीला ओवून छपराच्या वळचणीला टांगली, की थंडीभर गोडाची ददात नसे.

जानेवारीच्या मध्याला धाकटं नववर्ष यायचं. त्या सकाळी अझुकीच्या लाल दाण्यांची पेज व्हायची आणि मग झाडाला दम द्यायचा. एकाने कुऱ्हाड घेऊन झाडापुढे उभं राहायचं, दुसऱ्याने मागे दडून झाडाच्या वतीनं बोलायचं. कुऱ्हाड तोमेच्या हातात असे. झाड व्हायचं काम नव्या सुनेकडे आलं.

"फळशील की नाही? नाही फळलंस तर तोडून टाकीन."

"फळेन, फळेन," फुसाए हसू दाबत म्हणाली.

"अगं, झाड आहेस तू, उंदीर नाहीस. जरा मोठ्यानं."

ती मोठ्यानं म्हणाली. तोमेनं सालीवर हलकासा घाव घातला, त्यात चमचाभर पेज भरली, आणि दोघी बर्फ झटकत घरात आल्या. तोकुजी चुलीपाशी बसून हसत होता.

तिसऱ्या वर्षी तोमे झाडाकडे न बघता विचारू लागली. मानेला झटका देऊन ती थेट बुंध्यामागे बघायची. "नाही फळलीस तर," ती म्हणाली. फळलंस नव्हे, फळलीस. फुसाएनं ऐकलं, आणि ठरलेलं उत्तर दिलं.

थंडीत शेजारची पोरं गोष्टी ऐकायला तोमेभोवती जमत. खेकडीची गोष्ट त्यांना फार आवडायची. खेकडी पर्सिमनची बी पेरते आणि रोज तिला धमकावते, उगव, नाहीतर नांगीनं कापीन. झाड भराभर वाढतं. माकड वर चढून पिकलेली फळं स्वतः खातं आणि कच्ची, टणक फळं खाली फेकून खेकडीला मारतं. तिच्या फुटलेल्या कवचातून पिल्लं बाहेर पडतात.

इथे तोमे जरा थांबायची. "मेली, पण मागं पोरं ठेवून मेली," ती म्हणायची. "सूड घ्यायला कुणीतरी राहिलं." फुसाए पोरांच्या हातात भाजलेली रताळी देत असायची. तिचा हात तेवढ्यापुरता थबकायचा.

लग्नाला सहा वर्षं होत आली आणि तिला दिवस गेले. त्या जानेवारीत तिनं असं खणखणीत उत्तर दिलं की तोमेसुद्धा हसली. मार्चमध्ये सातव्या महिन्यात मुलगी झाली. ती रडलीच नाही. देवळाच्या उतारावर एक छोटा दगडी जिझो, गेलेल्या लेकरांना सांभाळणारा देव, बसवला. तोमेनं स्वतःच्या हातानं शिवलेलं लाल लाळेरं त्याच्या गळ्यात बांधलं.

पुढच्या जानेवारीत पेज शिजली. तोमेनं भिंतीवरची कुऱ्हाड काढली. फुसाए झाडामागे जाऊन उभी राहिली.

"फळशील की नाही?"

फुसाए गप्प राहिली.

"फळशील की नाही?"

बर्फ भुरभुरत होतं. तिसऱ्यांदा विचारून तोमे बराच वेळ थांबली. मग स्वतःच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "फळेन." कुऱ्हाड न मारताच ती घरात गेली. पेज भांड्यातच निवली.

दोन दिवसांनी ओढ्यावर मुळे धुताना शेजारची म्हातारी सुए फुसाएला म्हणाली, "तुला कुणी बोललं नाही वाटतं? तोकुजी काही तिच्या पोटचा नाही. दिराचं पोर, दत्तक घेतलेलं. त्याआधी तुझी सासू झाडामागं उभी राहायची, आणि कुऱ्हाड तिच्या सासूच्या हातात. फार कजाग बाई होती ती."

सुएला वाटलं, सूनबाईला सासूची दया येईल. फुसाएला राग आला. ज्या बाईनं हे सोसलं, तिचा ते दुसरीला देताना हात कसा उचलला? हा राग तिनं वर्षानुवर्षं जपला. तोंडानं काही बोलली नाही, जेवण वेळेवर वाढलं. मूल पुन्हा राहिलं नाही. कुऱ्हाड भिंतीवरच राहिली.

तोकुजी दर हिवाळ्यात तोक्योकडे मजुरीला जायचा. एका वर्षी बोगद्याच्या कामावर दरड कोसळली आणि त्याची राख पांढऱ्या कापडात बांधून घरी आली. मग त्या घरात दोघीच उरल्या, एकमेकींशी फारसं न बोलणाऱ्या.

तोमे अंथरुणाला खिळली तेव्हा नव्वदीला आली होती. धाकट्या नववर्षाच्या सकाळी फुसाए तिला पेज भरवत होती.

"कुऱ्हाड आण," तोमे म्हणाली. "दार उघड म्हणजे झाड दिसेल. तू विचार. मी इथून सांगते."

"बाहेर फार बर्फ आहे, आई."

"विचार गं एकदा."

"पेज निवतेय. आ करा."

तोमेनं आ केला. फेब्रुवारीत ती गेली. त्यानंतर पुष्कळ वर्षं फुसाएला आपण विचारलं का नाही, हे समजलं नाही. राग होता की नुसता कंटाळा, तिला सांगता येईना. दर ओबोनच्या सणाला ती दारात पितरांसाठी तागाच्या काड्या पेटवायची. नवऱ्यासाठी, सासूसाठी, आणि जिचं नाव ठेवलंच नव्हतं तिच्यासाठी.

वाडीत धूर निघणारी घरं कमी कमी होत गेली. फळं उतरवायला कुणी राहिलं नाही. ती झाडावरच पिकायची, आणि एका शरदात त्यांच्या वासानं अस्वल परसात आलं. मग गावकचेरीची दोन माणसं आली, वाकून वाकून बोलली.

"आजी, झाड काढावं लागेल. तुमच्याच जिवाला धोका आहे."

"काढा," फुसाए म्हणाली, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

करवत थोडा वेळ चालली. ती माणसं गेल्यावर तिनं कप धुतले. झाडाची सावली गेल्यामुळे उतरतीचं ऊन पहिल्यांदाच स्वयंपाकघरात थेट आलं. भांड्यांवर, जुन्या चुलीवर, तिच्या सुरकुतलेल्या हातांवर पडलं. डोळ्यांना ते सोसेना. तिनं खिडकीची फळी ओढून घेतली.