नाकावर बसलेली शेठाणी

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला आमच्या साडूंना हा किस्सा सांगत होतो, तर त्यांचा घोट नाकातून बाहेर आला आणि दोष माझ्या माथी! आता नाकाचाच विषय निघाला, तर तिथूनच सुरू करतो. या माझ्या नाकापायी आमची अख्खी गल्ली एकदा माझ्या पाया पडली होती. हसू नका. हसायचं अजून पुढेच आहे.

कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटलं होतं तेव्हाची गोष्ट. कापसाच्या गाठी वाहून वाहून कंबर बसली, आणि मग मीही बसलो. धुळ्याला आमच्या दोन खोल्या. पुढे फरशीचं अंगण. अंगण म्हणजे केवढं? दोन खाटा टाकल्या की तिसऱ्या माणसाने आडवं होऊन जायचं. पण त्या एवढ्याशा अंगणात माझी बाग होती हो! तुपाचे रिकामे डबे, एक फुटकी बादली, एक कान तुटलेलं घमेलं. त्यांत सदाफुली, गुलबास, कढीपत्ता आणि एक लिंबाचं झाड. लिंबू त्याला एकदाही लागलं नाही, पण माझा राग नव्हता. मला तरी आयुष्यात काय लागलं होतं?

आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. दहा वाजले की फरशीवर भाकरी शेकावी. पण सकाळी सकाळी मी रांजणाखालची वाळू ओली करायचो, आणि मग बघा मजा! एक यायचं, दोन यायची, मग फुलपाखरांची जत्राच भरायची. त्या ओल्या वाळूत सोंडा खुपसून अशी पाणी प्यायची, जणू वरातीतून उपाशी परतलेली माणसं पंगतीला बसलीत. माझं शिक्षण नाही, शाळा मी पाहिली ती बाहेरूनच, म्हणून नावं मीच ठेवली. बारकी पिवळी ती चवल्या. तांबडी, काळ्या रेघांची ती वाघीण. आणि मोठी काळी, पिवळ्या ठिपक्यांची, सावकाश डुलत येणारी ती शेठाणी. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या शेठजींना हे नाव कधी सांगितलं नाही. उगाच कशाला? उधारी बंद व्हायची.

शेठाणीला पाणी पुरत नसे. तिला गोड लागे. भडगावहून मेव्हणा केळी आणायचा. त्यातली काळी पडलेली, गळून गेलेली मी गुळाबरोबर कालवून एका कौलावर थापायचो. वास असा सुटायचा की आमची घरची नाकाला पदर लावून म्हणायची, "माणसं म्हातारपणी देवाचं करतात. आमच्याकडे पाखरांना शिकरण!"

आणि आली आखाजी जवळ.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची पोरगी भुसावळहून माहेरी येणार, आणि जाताना तिच्याबरोबर बिबड्या जाणार. ज्वारीच्या त्या पापडासारख्या बिबड्या करणं म्हणजे काय खेळ वाटला? पीठ भिजत घाला, लसूण-मिरची वाटा, तीळ घाला, चुलीपुढे घामाने न्हाऊन त्या पिठाचा घाटा हाटा, मग ओल्या फडक्यावर एक एक थापा. त्या दिवशी आमच्या दोन्ही खाटा बिबड्यांनी भरल्या. दुसरा घाटा शेजारी गोदाआक्काकडे चुलीवर होता. तिकडे निघताना घरच्या मंडळींनी मला खुर्चीत बसवलं, हातात काठी दिली आणि बोट नाचवलं.

"कावळे, चिमण्या, बकऱ्या. काहीबी येवो, हाकला. आज बिबड्यासले काही व्हयनं ना, ते हाई बठ्ठी बाग उपटी फेकसू! अंगण मोकळं करते. निदान वाळवण तरी नीट होईल."

चिडली की ती आपल्या माहेरच्या बोलीवर जाते, आणि त्या बोलीत दिलेला शब्द तिने आजवर मोडलेला नाही. म्हटलं, नाना, आज डोळ्यांत तेल घाल!

तेल घातलं. पण आधी म्हटलं कौलावर केळं थापून घेऊ. थापलं. हात चिकट झाले. उठून नळापर्यंत कोण जाणार? राखण सोडायची नाही ना! खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. मग ऊन चढलं, डोकं तापलं, तोच पंचा डोक्याला गुंडाळला. आता तुम्ही शहाणे आहात, तुम्हाला पुढचं कळलं. मला नाही कळलं!

जरा वेळात एक चवली डोक्यावर बसली. मग दुसरी. मग वाघीण. कानामागे गुदगुल्या, कपाळावर गुदगुल्या. मी श्वास रोखला. आणि तेवढ्यात लिंबाला वळसा घालून, डुलत डुलत, आली ती शेठाणी, आणि बसली कुठे? नाकाच्या शेंड्यावर!

अहो, काय सांगू! दोन्ही बुबुळं आत वळवून मी तिच्याकडे पाहतोय, आणि ती माझ्याकडे. पंख उघडते, मिटते. उघडते, मिटते. लग्नात मंडळींनी अंतरपाटाआडून पाहिलं होतं, तेव्हाही छातीत इतकं धडधडलं नव्हतं. (हे घरी बोलू नका.)

आणि बरोबर त्याच वेळी फाटक वाजलं.

माझ्या आणि खाटांच्या मधे दोरीवर लुगडं वाळत होतं. त्याच्या खालून चार पाय दिसले. बकरीचे! गोदाआक्काची रंभा!

आता तुम्ही म्हणाल, मग उठायचं ना? मीही तेच म्हटलं. पण उठावं तर शेठाणी उडते. न उठावं तर बिबड्या जातात. बिबड्या गेल्या तर बाग जाते, आणि बाग गेली तर शेठाणी तरी कुठे बसणार? मी जन्माचा सावकाश. असा एक एक विचार रांगेने येऊ देत होतो, तोवर पहिली खाट साफ झाली.

तेवढ्यात गोदाआक्का आली, बिबड्या उलटायला आल्या का ते बघायला. दारातच थबकली.

"नाना! ओ नाना!"

मी गप्प. नाकावर शेठाणी.

"ओ नाना! बोला ना!"

तोंड उघडं, डोळे नाकाशी आलेले, अंगावर पाखरं. आक्काने एकच बोंब ठोकली, "माय वं! नाना गयात वं!"

गल्ली धावली. शेठजी दुकान टाकून आले. आले ते थेट माझ्या नाकाखाली बोट धरून उभे राहिले. गुदगुल्यांनी मला शिंक येऊ घातली, ती मी कशी गिळली ते माझं मला ठाऊक.

"आक्का, रडू नको! सांस तो चाले है!"

"मग बोलत का नाहीत?"

शेठजी मागे सरकले. त्यांनी मला नीट न्याहाळलं. डोक्यावर पाखरांचा मुकुट, देह निश्चल, नजर नासिकाग्रावर. त्यांनी हळूच जोडे काढले. "बोलतील कसे? ही समाधी आहे, समाधी! आणि नाकावर तर बघा, साक्षात कोण येऊन बसलंय!"

कोण बसलंय ते मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

मग काय विचारता! कुणी हळद-कुंकू आणलं, कुणी नारळ. शेठजींनी गुळाची ढेप पायाशी ठेवली. कालपर्यंत "नाना, जरा रांजण सरकवा" म्हणणाऱ्या बाया डोकं टेकवू लागल्या. आणि खरं सांगू? मलाही जरा जरा पटायला लागलं! म्हटलं, असेलही. एवढी पाखरं उगाच बसतात का? आपल्या अंगी काहीतरी असल्याशिवाय? आपलं आपल्याला आधी कळत नसतं. मी हात थोडा वर उचलला. आशीर्वादाचा असतो ना, तसा.

"हात उचलला! महाराजांनी हात उचलला!"

गोदाआक्का पुढे आली. डोळ्यांना पदर लावला. "महाराज, मनी बकरी सकायपशी सापडत नै शे. कोठे शे ती, सांगा ना!"

बघा नशीब! माझ्या भक्ताचं पहिलंच गाऱ्हाणं, आणि उत्तर मला लुगड्याखालून लख्ख दिसतंय, दुसऱ्या खाटेपाशी! पण सांगावं कसं? बकरी दाखवली की बिबड्या दाखवल्या. मी नुसते डोळे तिकडे फिरवले आणि परत आणले.

"डोळे फिरवले! दृष्टी गेली दूर!" शेठजी ओरडले. "आक्का, येईल तुझी बकरी, चालत येईल!"

आणि आली ना! दुसरी खाट संपली होती. लुगडं बाजूला सारून, ओठाला तीळ चिकटलेले, रंभा चालत आली. बाया गहिवरल्या. कुणीतरी माझा जयजयकार केला. आक्काने मला साष्टांग घातला. रंभा मात्र थांबली नाही. ती सरळ माझ्या खुर्चीमागे गेली. मला वाटलं, आता मुकं जनावरही पायावर डोकं ठेवणार. मी डोळे मिटले, हात आणखी वर केला.

रंभाने माझ्या डोक्यावरचा पंचा धरला आणि हिसडा मारला!

फुलपाखरं भुर्र! शेठाणी भुर्र! मी खुर्चीसकट आडवा, माझं टक्कल उन्हात चकाकतंय आणि समाधीतून उठलेल्या महाराजांचा पहिला शब्द सगळ्या गल्लीने हात जोडून ऐकला:

"हट् तुझ्या आयला!"

शेठजींनी गपचूप ढेप उचलली आणि जोडे शोधायला लागले.

आणि दारात आमची मंडळी! कोपरापर्यंत हात घाट्याने भरलेले. तिने गर्दी पाहिली, नारळ पाहिला, रिकाम्या खाटा पाहिल्या. पंचा चघळणारी रंभा पाहिली. पुढे झाली, पंचा ओढून घेतला आणि नाकाशी नेला.

"केळं!" ती म्हणाली. "सडकं केळं! आणि याच्या पाया पडत होतात तुम्ही?"

गल्ली पसार झाली. गोदाआक्का तर बकरीचा कान धरून अशी पळाली की नारळही नेला.

मग उरलो आम्ही दोघं. "हाई काय करी ठेयं तुम्ही?" एवढंच ती म्हणाली, आणि लिंबाच्या डब्याकडे वळली. तिने वाकून लिंबाचं खोड धरलं. आता उपटते, मग गुलबास, मग सदाफुली. मी डोळे मिटले.

काहीच आवाज नाही.

उघडले, तर ती तशीच वाकलेली. पंच्याने चिकट झालेल्या तिच्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांच्या मधोमध, शेठाणी बसली होती. पंख उघडत होती, मिटत होती. मंडळींचं तोंड उघडं, डोळे एकटक. म्हटलं, अरे, ही पण समाधीत गेली!

"अगं..." मी म्हटलं.

"हालू नका हं," ती कुजबुजली. "उडेल ती."

तिकडे गोदाआक्काच्या चुलीवर दुसरा घाटा करपल्याचा वास आला, तरी ती हलली नाही. माणसाने कधी गप्प बसावं, एवढं मला त्या दिवशी नक्की कळलं होतं.

बाग राहिली. पण राखणीवरून मला काढलं ते काढलंच. दुसऱ्या दिवशी नव्या बिबड्या घातल्या, आणि मंडळींनी माझं जुनं धोतर, सदरा आणि टोपी घेतली, आत कडबा भरला, ते बुजगावणं माझ्या खुर्चीत बसवलं आणि हातात माझीच काठी दिली. मला आत बसवून लसूण सोलायला लावला.

खिडकीतून मी सगळं पाहत होतो. गोदाआक्का आली, "राम राम नाना, कालचं मनावर घेऊ नका," म्हणून गेली. शेठजी आले, बराच वेळ उभं राहून सरकीच्या भावाबद्दल बोलले, आणि जाताना म्हणाले, "नाना, तुमच्याशी बोललं की मन हलकं होतं!" दिवसभरात अख्ख्या गल्लीत एकालाही फरक कळला नाही.

नाही, खोटं कशाला बोलू? एकीला कळला. रंभाला! दुपारी तिने फाटकातून मान घातली, खुर्चीकडे पाहिलं आणि जी घाबरून पळाली, ती आखाजी होईपर्यंत आमच्या दारात फिरकली नाही.