कुत्र्याचा वाटा

माझे सासरे बळवंतराव लहानपणी काय काय खाऊन बसलेत, ते मला तोंडपाठ आहे. ससा, साळिंदर, उदमांजर, खार. चंद्रपूरकडे जंगलाला लागून त्यांचं गाव. तिथून ते सरकारी छापखान्याच्या नोकरीसाठी दिल्लीला आले, मयूर विहारच्या सोसायटीत म्हातारे झाले, पण खाण्याच्या गप्पा निघाल्या की अजून जंगलातच असतात. माझ्याकडे हळदीकुंकवाला बायका जमल्या की हे आतून येऊन सांगणार, साळिंदराचे काटे आधी कसे जाळून घ्यायचे. मग जाळं लावून ससा कसा धरला, पळसाच्या पानांवर त्याचे वाटे कसे घातले. मी हसतमुखाने तिळगूळ फिरवत राहायची आणि मनात म्हणायची, बाबा, आता पुरे करा हो.

मी पडले पुण्याची, जन्माची शाकाहारी. त्यातून नोकरी अशी की वन्य प्राण्यांच्या कायद्याच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवायच्या. साळिंदर मी फक्त परिशिष्टात पाहिलंय. तरी कोणी जंगलाबद्दल विचारलं की मी असा चेहरा करते, जणू सकाळीच तिकडून आलेय. घरात मटण-मच्छीला मी बाल्कनी दिली होती. तिथे वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी ताटली आणि बाबांसाठी एक स्टूल. आपण किती मोठ्या मनाची सून आहोत, हे मी मैत्रिणींना आपण होऊन सांगायची.

यंदाच्या थंडीत बाबांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून घरी आले ते जेवण सोडूनच. मी ट्रेवर नॅपकिन घालून मऊ भात, पेज, सूप त्यांच्या खोलीत नेऊन ठेवायची. ते घासभर खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर या आठवड्यात नाकातून नळी घालावी लागेल. बाबा म्हणाले, "घाला. मी उपटून टाकीन." आणि ते उपटून टाकणार याची मला पुरेपूर खात्री होती. माझा नवरा श्याम बाल्कनीत जाऊन रडून आला. मी रडले नाही, चिडले. मला ते जास्त चांगलं जमतं.

"मग खाणार तरी काय तुम्ही?" मी विचारलं.

"ससा."

"रानातला ससा मारला तर जेल होते, बाबा. माझी फाईल माझ्याच टेबलावर येईल."

"मग विचारतेस कशाला?" म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

खाण्यासाठी पाळलेला ससा कायद्याला चालतो, हे खरं तर माझ्या खात्यात मला माहीत असायला हवं होतं. ते माझ्या मुलीने, तनयाने, मोबाईलवर बघून सांगितलं. रविवारी मी कॅब केली. गुरुग्रामचे टॉवर संपून मोहरीची शेतं लागतात तिकडे एक जण ससे पाळतो म्हणे. त्याला शोधताना आधी एका लग्नाच्या मांडवात शिरले, तिथे मला मुलीकडची समजून चहा दिला, तो मी प्यायले. शेवटी तो फार्म सापडला.

"मॅडम, पालना है या खाना है?" माणसाने विचारलं. पिंजऱ्यातून गुलाबी डोळे माझ्याकडे बघत होते.

"ससुरजी के लिए," मी म्हणाले. हे कशाचंच उत्तर नव्हतं, पण तो समजला. तो ससा कापत असताना मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. मांस आणायला घाईत उचललेली पिशवी निघाली ऑफिसच्या वन्यजीव सप्ताहातली. तिच्यावर छापलं होतं, 'उन्हें भी जीने दो'. कॅबमध्ये मी ती पालथी ठेवली.

घरी येऊन नाकाला ओढणी बांधली आणि बाल्कनीत रस्सा केला. कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून, श्यामला चव बघायला लावून. घरात वास येऊ नये म्हणून बाल्कनीकडची दारं-खिडक्या लावून घेतल्या. मग वाडगा ट्रेवर ठेवला, नॅपकिन घातला आणि बाबांच्या खोलीत गेले.

वास आला तसे बाबा उठून बसले. वाडग्यात पाहिलं. मग माझ्यामागे दाराकडे पाहिलं.

"बाकीचे कुठंयत?"

"बाकीचे कशाला? सगळा तुमच्यासाठीच आहे."

त्यांनी वाडगा ट्रेवर ठेवून दिला. "शिकार अशी एकट्यानं खात नाहीत, वृंदा. वाटे पडल्याशिवाय कुणी बोट लावत नाही."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, सकाळपासून कुत्र्यासारखी धावतेय मी तुमच्या सशामागे. आता मुकाट्याने खा."

बाबांनी पांघरूण बाजूला सारलं. मग श्यामला हाक मारून म्हणाले, "मला उठव."

श्यामचा हात धरून ते बाहेर आले आणि डायनिंग टेबलाशी बसले. बाल्कनीतलं पातेलं त्यांनी टेबलावर मागवलं. माझ्या टेबलावर. त्या टेबलावर कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. बशा मागवल्या आणि त्यांत एकेक तुकडा घालायला लागले.

"वाटा मतलब?" तनयाने विचारलं.

"हिस्सा," श्याम म्हणाला.

पहिली बशी बाबांनी माझ्याकडे सरकवली. "हा कुत्र्याचा. ससा उठवतं ते, दमतं ते, म्हणून पहिला वाटा त्याचा. त्यानं तोंड लावलं की मग माणसांनी खायचं."

श्यामने हसू दाबलं. तनयाने दाबलं नाही.

दर हळदीकुंकवाला ही गोष्ट मी ऐकली होती आणि तिच्यात कुत्रा यायच्या आधीच दरवेळी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात पळाले होते. आता मात्र ती पुरती कळली. आधी इतकी वर्षं बाल्कनीतलं स्टूल, मग खोलीतला ट्रे. आणि वर माझी तक्रार की हे जेवत नाहीत. माणूस भिंतीबरोबर किती जेवणार? मला लाज वाटली, अगदी रडू येईल इतकी.

बाबांनी स्वतःच्या बशीला हात लावला नव्हता. ते माझी वाट बघत होते. श्यामही बघत होता, आणि त्याचं हसू गेलं होतं. मी नाही खाल्लं तर बाबाही खाणार नव्हते, आणि मग ती नळी.

मी डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला. चव विचारू नका, मी गिळला तो पाण्याबरोबर.

मग बाबांनी घास घेतला. हळूहळू चावला. दुसरा घेतला. "मीठ कमी पडलंय," म्हणाले, आणि भात मागितला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने ट्रे काढला, तर ते आधीच टेबलाशी येऊन बसलेले. साधा वरणभात होता. त्यांनी माझ्या हातातून डाव घेतला, पहिलं ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं, आणि मी घास घेईपर्यंत ते थांबले.