सुस्थितीत

आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या मागे नगरपंचायतीचं बालोद्यान होतं. दोन झुले, एक घसरगुंडी, एक गोल फिरणारी लोखंडी चकरी आणि कोपऱ्यात खो-खोचं मैदान. दिवसा मी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी तिथे मुलींचा खो-खो घ्यायची. हायवेच्या गावात पोरांना सुरक्षित खेळता येईल अशी तेवढी एकच जागा होती.

उद्यान चालायचं ते माळीकाकांमुळे. ते कंत्राटावर होते, साठीच्या जवळ आलेले. खिशात कायम पाना. रोज सकाळी ते स्वतः झुल्यावर बसून साखळ्या तपासायचे. चकरीत तेल घालायचे, मग ती एकदा रिकामी फिरवून कान देऊन ऐकायचे. आवाज वेगळा आला तर त्या दिवशी चकरी बंद. पोरं कितीही रडली तरी बंद.

मग एका वर्षी नगरपंचायतीने खर्च कमी करायला घेतला. जे अत्यावश्यक नाही त्याची यादी निघाली आणि त्यात उद्यान पहिलं होतं. काकांना एका दुपारी तोंडी सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून येऊ नका. दोन आठवड्यांनी उद्यानच बंद करणार असल्याचं कानावर आलं, तेव्हा मी आणि दोन मुलींच्या आया मुख्याधिकाऱ्यांना भेटायला गेलो.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

"बाई, नळाला पाणी देऊ की पोरांना झुले देऊ? तुम्हीच सांगा," ते म्हणाले.

मी म्हणाले, "साहेब, पोरांनी जायचं कुठे? स्टँडवर? हायवेवर?"

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "एक करता येईल. देखभालीची गरजच नाही असं कागदावर असेल तर बंद करायचं कारण उरत नाही. सर्व साहित्य सुस्थितीत आहे आणि पालक स्वेच्छेने लक्ष ठेवतील, एवढं लिहून द्या."

मी तिथेच, त्यांच्याच पेनने लिहून दिलं आणि सही केली. बाहेर आल्यावर आम्ही तिघी हसत होतो. उद्यान वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आनंदाने काकांच्या घरी सांगायला गेले. ते अंगणात लाकडं फोडत होते. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"बाई, चकरीचा खालचा बेरिंग गेला आहे. मी सायबाले दोनदा सांगतलो. तुमी सही काहून केली?"

"नाहीतर बंद करत होते, काका."

"त बंद होऊ द्याचं होतं."

मला त्यांचा राग आला. वाटलं, काम गेलं म्हणून बोलताहेत. तरीही परत येताना मी बाजारातून साखळी आणि कुलूप घेतलं, चकरी खांबाला बांधून टाकली आणि किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली.

सुरुवातीला पालकांनी पाळ्या लावल्या. मग भाताच्या रोवणीचे दिवस आले. मजुरीला जाणाऱ्या बाया अंधार पडेपर्यंत शेतातल्या बांधीतून परतत नव्हत्या, नोकरीवाल्यांना सवड नव्हती. पाळी माझ्या एकटीवर आली. शेजारच्या गल्लीतली एक बाई दिवसभर रोवणीला जायची. तिची नऊ वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर घरात एकटीच असायची. मीच त्या बाईला म्हटलं, "तिला उद्यानात पाठवत जा. मी असते तिथे."

मुलगी चपळ होती. खो-खोच्या खांबाला हात लावून वळायची तेव्हा पायाखालची माती उडायची. इतक्या लहान वयात इतकं नेमकं वळणारी पोर मी पाहिली नव्हती.

त्या दिवशी शाळेत बैठक लांबली. मी पाऊण तास उशिरा निघाले. फाटकापाशी पोचले तर दोन मुली माझ्याकडे पळत येत होत्या आणि मागून किंचाळण्याचा आवाज येत होता. मोठ्या पोरांनी दगडाने कुलूप तोडलं होतं. सातआठ जण चकरीवर चढले, ती एका बाजूला कलली आणि खाली लोंबकळणाऱ्या त्या नऊ वर्षांच्या मुलीचा उजवा हात पत्र्याखाली गेला. आम्हाला चकरी उचलता येईना. स्टँडवरचे ऑटोवाले धावत आले, त्यांनी उचलली. मी माझ्या ओढणीत तिचा हात गुंडाळला. ती रडत नव्हती. "बाई, मायले सांगू नका," एवढंच म्हणत होती.

ग्रामीण रुग्णालयातून तिला भंडाऱ्याला नेलं. दोन बोटं गेली.

तिची आई चिखलाच्या पायांनीच आली. माझ्यासमोर उभी राहिली. "तुमीच म्हटलं ना, पाठवत जा म्हणून? मी काई मागतलो होतो का तुमाले?" ती आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसून राहिले.

चौकशी झाली. साहेबांनी फाइल उघडली आणि माझा कागद माझ्याकडे वळवला. "बाई, सही तुमची आहे." त्यांची नजर खाली होती. मी सांगितलं, हो, माझी आहे आणि बेरिंग गेल्याचं मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. काकांनीही येऊन सांगितलं की त्यांनी साहेबांना दोनदा तोंडी कळवलं होतं. लेखी काही आहे का, असं त्यांना विचारलं गेलं. काका निरक्षर होते. मला शाळेकडून लेखी समज मिळाली. साहेबांची पुढे बदली झाली. त्यापलीकडे कुणाला काही झालं नाही.

फाटकाला कुलूप लागलं. महिनाभरात झुले, घसरगुंडी, चकरी, सगळं कापून ट्रॅक्टरवर टाकून नेलं. खो-खोचे खांबही उपटले. त्यांचं काय बिघडलं होतं, हे मी विचारायला गेले, तर नव्या साहेबांनी सांगितलं, "धोका नको." माझ्या संघातल्या दोन मुली लाखांदूरकडे मामाकडे शिकायला गेल्या. बाकीच्यांना घरच्यांनी पाठवणं बंद केलं. मुलं हायवेच्या सर्व्हिस रोडवर क्रिकेट खेळतात. ट्रक आला की बाजूला होतात.

मी अर्ज करत राहिले. निदान मैदान उघडा, साहित्य नको. दरवेळी पोच मिळते.

ती मुलगी आता डाव्या हाताने लिहिते, अक्षर चांगलं आहे. तिची आई कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावते. माझा रस्ता तिथूनच जातो. एकदा मुलीने खिडकीतून हाक मारली, "बाई!" मी थांबले. शाळेची, अभ्यासाची विचारपूस केली. मग म्हणाले, "रविवारी शाळेच्या मैदानावर येशील? आपण दोघीच पळू."

तिने खिडकीचे गज धरले.

"माय नाई म्हणते," ती म्हणाली आणि आत टीव्हीचा आवाज वाढवायला गेली.