वादाला शेठ हवा

नालवाडीच्या चौकात, पानठेल्यावर, मी आणि शेठ वाद घालायला लागलो की तिकडे पवनारला धाम नदीचं पाणी हलायचं. खोटं वाटत असेल तर नदीला विचारा. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो, शेठचं हार्डवेअरचं दुकान. शाळेपासूनचे दोस्त आम्ही.

मी म्हणायचो, आपण कोणत्या घरात जन्मणार हे ठाऊक नसताना माणसानं कायदे करावेत, म्हणजे ते सगळ्यांना न्याय देतील. हातात जोर असो नसो, हक्क प्रत्येकाला सारखेच. शेठ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत हसायचा. ही जन्माआधीची सभा भरवणार कोण, आणि मंडपाची दोरी कोणाच्या हातात? त्याचं म्हणणं, आधी हुकूम कोणाचा चालतो ते पाहा. न्यायाच्या गप्पा मागून.

एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर येऊ लागला. मी लगेच नियम केले: आधी म्हातारे, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे. अख्ख्या गल्लीनं माना डोलावल्या. टँकर आला आणि कोपऱ्यावरच्या पहिलवानानं पाइप टाकून अर्धी टाकी ओढलीसुद्धा. पाइप एवढा लांब, की एक टोक टँकरात आणि दुसरं सेवाग्रामात. शेवटी शेठच उठला, पहिलवानाला बाजूला घेऊन काहीतरी बोलला, आणि मुकाट्यानं रांग लागली. पुढचा आठवडा तो हसतच होता. मी कसला सोडतो!

"हुकूमच चालते म्हणतं, तर त्याले समजावत काऊन बसला होता?"

शेठनं खर्रा तोंडात टाकला. मग म्हणाला, "समजावलं नाई बे, दम देल्ला." की पुन्हा सुरू.

मग त्याचे गुडघे गेले आणि पोरानं त्याला पुण्याला नेलं. ठेल्यावर आता मी दोन्ही बाजूंनी एकटाच बोलून पाहतो. पण त्याची बाजू माझ्या तोंडात फार सभ्य होते.

परवा त्याचा फोन आला. सोसायटीच्या बागेत रोज सकाळी बसायचा म्हणे. तिथल्या सभेनं ठरवलं, बाग फक्त फ्लॅटमालकांची. पोरगा भाडेकरू, भाडेकरूंना सभेत मत नाही. चौकीदारानं शेठला बाकावरून उठवलं.

"मास्तर," आवाज बारीक झालेला, "ज्याच्या हाती काईच नाई, त्याचाही हक्क अस्ते, असं तू म्हणत होता ना? मले जरा पुन्हा सांग."

हे ऐकायला मी अख्खी हयात खर्ची घातली होती. एरवी हिंगणघाटपर्यंत पेढे वाटत गेलो असतो. तेव्हा मात्र तो भडकावा म्हणून मी त्याचंच बोलणं त्याला ऐकवलं: आधी तिथं हुकूम कोणाचा चालतो ते पाह्य.

"पाह्यलं," तो म्हणाला. "माहा नाई चालत."

मग मी सांगायला लागलो. हक्क कोणी देत नाही, माणूस आहे म्हणून असतो, वगैरे. ठेल्यावर तो जिथं जिथं मला तोडायचा, तिथं तिथं त्यानं पुन्हा तोडावं म्हणून मी मुद्दाम थांबत गेलो. लबाडी होती, पण काय करणार. प्रत्येक वेळी तिकडून एवढंच यायचं, "हो. बराबर हाय तुहं."