हैदरच्या चेंडूला हवी तशी जागा

डाव्या गुडघ्याने जवाब दिला आणि पलटणीच्या हॉकी संघाने हैदरला हार घालून निरोप दिला. सोळा वर्षं त्याने हैदराबादेत गोल राखला होता. खेळ सुटलेले त्याचे जोडीदार छावणीजवळच राहिले. कुणी चहाचं दुकान काढलं, कुणी मैदानाच्या कडेला बसून नव्या खेळाडूंना नावं ठेवू लागला. हैदर मात्र आपल्या बीड जिल्ह्यात परतला.

त्याची बायको जुलेखा म्हणाली, "आष्टीला माझ्या भावाकडं दोन खोल्या रिकाम्या हायत."

"मेव्हण्याच्या दारात म्हातारा होऊ?"

"मग पंधरा रोजांत दुसरी जागा दाखवा. न्हाई तर सामान आष्टीला."

हैदरची अट एकच. दारासमोर चेंडू शंभर पावलं सरळ गेला पाहिजे. पाय गेला म्हणून काय झालं, खाटेवर बसून मारता येतो.

अंगात जुनी खाकी, हातात वाकडी काठी. गेवराईकडच्या गावांत तो चेंडू मारी, पावलं मोजी, चेंडू थांबेल तिथे खुंटी ठोकी. गावोगाव हाकाटी झाली, मोजणीवाला आला, आता शेतसारा वाढणार! मग साहेबाला खूश करायला मुलाण्याला बोलावून कोंबडी कापली जाई. आपण साहेब आहोत असं हैदर कधी म्हणाला नाही. कुणी म्हटलं तर नाकारलंही नाही. तोंडात रस्सा असताना बोलणं त्याला बरं दिसत नसे.

रानं मात्र सगळी काळी. दहा पावलांवर चेंडू भेगेत.

बाराव्या दिवशी तो दिंद्रुडला पोचला. तिथल्या धुळाजी पाटलाने कसदार रानं दिसू नयेत म्हणून त्याला थेट गावामागच्या माळावर नेलं.

"बगा सायब, समदं असंच हाय. कुसळ बी उगवत न्हाई. फुकट दिलं तरी कुणी घेईना."

हैदरने चेंडू मारला. मुरमावरून तो शंभर पावलं गेला, रेघ ओढल्यासारखा. हैदरचे डोळे भरून आले. पाटलाला वाटलं, साहेबाला गावाची दया आली.

"फुकट? मग मला द्या. घर बांधतो."

साहेबच गावात राहिला तर सारा कोण वाढवणार? पाटलाने चावडीवर पंचांदेखत कागद करून दिला, वर कोंबडीही कापली.

हैदरचा निरोप मिळून मुदतीच्या शेवटच्या दिवशी जुलेखा सामान घेऊन दिंद्रुडला उतरली आणि पहिल्याच भेटीत पाटलीण छबुबाईंना आपल्या नवऱ्याचा खरा धंदा सांगून बसली.

पाटील तणतणत माळावर आला. "का बे, मोजणीवाला म्हणून माजी कोंबडी खाल्ली? ऊठ इथनं!"

हैदर गुडघा चोळत राहिला. जुलेखाने पदर सावरला. "उठतो की पाटील. तेवढं चावडीवर सांगा, जमीन लई चांगली हाय म्हणून परत घेतली. खरा मोजणीवाला बी ऐकंल."

पाटील खाटेवर टेकला, इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "ऱ्हावा बाबा. पन एक काम करा. पल्याडच्या गावच्या शहादेव पाटलाची जमीन लई दिवसांत कुणी मोजली न्हाई."

हैदरने काठी उचलली.

"कोंबड्या हायत का त्यांच्याकडं?" असं विचारत जुलेखा आपल्या चपला शोधू लागली.